मुंबईच्या फ्लॅटमध्ये मोठी पीस लिली: झाड निवडण्यापासून फुलं येईपर्यंत

पीस लिली मुंबईतल्या जवळपास प्रत्येक नर्सरीत मिळते. हौसेने घरी आणलेली बरीच झाडं मात्र वर्षभर आहेत तेवढीच राहतात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात मुळातून कुजतात. मला हे झाड मोठंच आवडतं. जमिनीवर ठेवलेली १४ इंची कुंडी, कमरेच्या वर गेलेला पानांचा घेर, हातभर लांबीची गडद हिरवी पानं आणि त्यांच्याही वर उभी राहिलेली पांढरी फुलं. मुलुंडच्या आमच्या घरात असं झाड आहे. ते बघून ‘आम्हालाही असंच हवंय, काय करायचं?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

मुंबईची हवा या झाडाला चांगली मानवते. अळू-सुरणाच्या कुळातलं हे झाड मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, दमट जंगलांचं. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर जागी ते वाढतं. १८ ते ३० अंश तापमान त्याला पसंत आहे आणि आपल्याकडे वर्षातला बराच काळ घरात साधारण तेवढंच असतं. थंडीची भीती नाही. धोका आहे तो कुंडीत साचून राहणाऱ्या पाण्याचा, म्हणून माती, कुंडी आणि पाणी या तीन गोष्टींवर मी इथे जास्त लिहिलंय.

एक आधीच सांगते. नर्सरीतलं फूट-दीड फुटाचं झाड कमरेएवढं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढा धीर नसेल तर मोठं झालेलं झाडच विकत घ्या. तरीही पुढचं सगळं तुम्हाला लागेलच.

काय काय जमवून ठेवायचं

- खाली पाच-सहा भोकं असलेल्या प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या कुंड्या: आधी १० इंची, पुढे १२ आणि १४ इंची
- कोकोपीटची (नारळाच्या सोडणाच्या भुश्याची) वीट
- गांडूळखत, चांगलं मुरलेलं, मातीचा वास येणारं
- परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके दाणे); नाही मिळालं तर भाताचं तूस
- नारळाच्या सोडणाचे तुकडे (नर्सरीत ‘कोको चिप्स’ म्हणून मिळतात)
- निंबोळी पेंड
- १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, छोटं पाकीट
- कडुनिंबाचं तेल आणि फवारणीची बाटली
- लांब नळीची झारी, धारदार कात्री, सुती फडकं
- १२ इंचांच्या पुढच्या कुंडीसाठी चाकांचा स्टँड

१. झाडाच्या आधी जागा ठरवा

मोठी जात पूर्ण वाढली की तिचा घेर तीन-चार फुटांचा होतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये एवढी जागा म्हणजे एक खुर्चीच गेली म्हणायची. टेपने जमिनीवर मापून बघा. येता-जाता ज्या पानांना धक्का लागतो ती फाटतात आणि फाटलेलं पान पुन्हा जुळत नाही.

मग उजेड बघा. ‘पीस लिली अंधारातही चालते’ हे सगळीकडे ऐकाल. अंधारात ती मरत नाही, पण वाढतही नाही. मोठी पानं आणि फुलं हवी असतील तर भरपूर उजेड लागतो, फक्त थेट ऊन नको. पारख सोपी आहे: दुपारी १२च्या सुमारास, घरातले दिवे बंद करून, ठरवलेल्या जागी हात धरा. सावली मऊ पण ओळखू येण्याइतकी पडली तर जागा उत्तम. सावलीची कड अगदी स्पष्ट असेल तर ऊन जास्त आहे, पानांवर करपल्यासारखे डाग पडतील. सावलीच पडत नसेल तर उजेड कमी आहे.

उत्तरेची खिडकी असेल तर कुंडी खिडकीला लागून ठेवा. पूर्वेचं सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी असेल तर चार-पाच फूट आत ठेवा, नाहीतर मध्ये पातळ पांढरा पडदा लावा. आपल्याकडे मात्र नुसत्या दिशेवर विसंबून चालत नाही. समोरची इमारत हाताच्या अंतरावर असली तर पहिल्या मजल्यावरच्या पूर्वेच्या खिडकीतही दिवसभर संधिप्रकाशच असतो. तिथे झाडाच्या दीड फूट वर साधी २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब लावून ती रोज दहा-बारा तास चालू ठेवा. मोठं झाड होईल.

खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये हे झाड ठेवू नका. तिथे थेट ऊन लागतं, पावसाळी वाऱ्याने पानं चिरतात आणि ओली १४ इंची कुंडी सहज पंधरा किलोच्या वर जाते. तेवढं वजन ग्रिलवर, रस्त्याच्या डोक्यावर टांगायचंच नाही. एसीचा झोत थेट पानांवर येणारी जागाही टाळा.

हवा शुद्ध होते म्हणून बरेच जण हे झाड बेडरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. १९८९ मध्ये नासाने केलेल्या अभ्यासातून ही समजूत आली. ते प्रयोग हवाबंद छोट्या पेट्यांमध्ये झाले होते. खिडक्या-दारं असलेल्या घरात तसा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त हजार झाडं लागतील, असं २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा फेरआढावा घेणाऱ्या संशोधकांनी मांडलं. तेव्हा जागा उजेड बघूनच ठरवा.

२. जात बघून घ्या

इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. नर्सरीत एका रांगेत मांडलेल्या ‘पीस लिली’मध्ये वेगवेगळ्या जाती असतात. ‘पेटीट’सारखी बुटकी जात फूट-सव्वा फुटाच्या वर जात नाही, तुम्ही तिला कितीही मोठी कुंडी द्या. ‘डोमिनो’ची पानं हिरवी-पांढरी चितकबरी असतात. दिसायला सुरेख, उंचीला मध्यम. मोठं झाड हवं असेल तर दोनच नावं लक्षात ठेवा: ‘मौना लोआ’ आणि ‘सेन्सेशन’. मौना लोआ तीन-चार फुटांपर्यंत जाते आणि फुलांना उदार असते. सेन्सेशन सगळ्यांत मोठी, पाच फुटांच्याही वर जाऊ शकते. तिची पानं रुंद असतात आणि शिरांमुळे पानावर खोल घड्या दिसतात. फुलं मात्र मौना लोआपेक्षा कमी. मुंबईच्या फ्लॅटसाठी माझं मत मौना लोआला. हॉल प्रशस्त असेल आणि पानांचीच हौस असेल तरच सेन्सेशन घ्या.

कुंड्यांवर जातीचं नाव बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ‘काका, ही मोठी होते का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘हीच जात मोठ्या कुंडीत वाढलेली दाखवा’ असं म्हणा. आरे कॉलनीकडच्या किंवा ठाणे-घोडबंदर पट्ट्यातल्या मोठ्या नर्सऱ्यांमध्ये असं झाड सहसा दाखवायला असतं. महापालिका दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राणीच्या बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन भरवते. मोठी, निगुतीने वाढवलेली झाडं जवळून बघायला ती चांगली संधी असते.

झाड हातात घेतल्यावर एवढं तपासा:

- देठांचा झुबका मुळाशी धरून हलकेच हलवा. डगमगला तर मुळं कमजोर आहेत.
- कुंडीच्या भोकांतून पांढरट मुळं डोकावत असतील तर चांगलं. काळी, लिबलिबीत असतील तर झाड परत ठेवा.
- मधोमध गुंडाळलेलं नवं पान वर येताना दिसलं पाहिजे.
- पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ते झाड घरी आणू नका. तो पिठ्या ढेकूण आहे आणि तो बाकीच्या झाडांवर पसरतो.

फुलं किती आहेत यावर झाड निवडू नका. व्यावसायिक उत्पादक जिबरेलिक ॲसिड हे वनस्पतींचं संप्रेरक फवारून विक्रीच्या वेळी सगळ्या झाडांना एकदम फुलं आणू शकतात. अशी फुलांनी लगडलेली झाडं घरी आल्यावर कित्येक महिने गप्प राहतात आणि नवा माळी घाबरतो. घाबरायचं कारण नसतं.

खरेदीला उत्तम काळ फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीच्या आसपास. भर पावसात आणलेल्या झाडाची माती आधीच चिंब असते आणि घरात ती सुकता सुकत नाही.

३. घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस

बाकीच्या झाडांपासून वेगळं, ठरवलेल्या जागेच्या जवळ ठेवा. खत नाही, कुंडी बदलणं नाही. खालची एक-दोन पानं पिवळी पडतील, ती देठासकट मुळापासून कापा. माती वरून दोन इंच सुकल्याशिवाय पाणी घालू नका. आल्या आल्या झाडाला मोठ्या सुंदर कुंडीत बसवायचा मोह फार होतो, पण जागा, उजेड आणि माती हे तिन्ही एकदम बदललं की त्याला ते झेपत नाही.

४. मातीचं मिश्रण

नर्सरीत मिळणारी लाल माती या झाडाला एकटी देऊ नका. ती पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात वीट होते, आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. पीस लिलीच्या मुळांना ओल हवी असते आणि तितकीच हवाही.

मी हे प्रमाण वापरते: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट, एक भाग सोडणाचे तुकडे. १२ इंची कुंडीला साधारण १५ लिटर मिश्रण लागतं, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. हातात घेऊन घट्ट मूठ आवळा आणि उघडा. गोळा हलक्या बोटाने सुटला पाहिजे. तसाच लाडवासारखा राहिला तर परलाइट किंवा तुकडे वाढवा.

कोकोपीटची वीट थेट वापरू नका. नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि स्वस्त विटांमध्ये ते भरपूर राहिलेले असतात. बादलीत भिजवून फुगू द्या, पिळून ते तपकिरी पाणी टाकून द्या, आणि हे दोनदा करा. पानांची टोकं तपकिरी पडण्याची निम्मी तक्रार इथेच मिटते.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याचा निचऱ्याला उपयोग होत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा आणि सरळ मिश्रण भरा.

५. कुंडी बदलणं

योग्य वेळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं आणि पावसाच्या आत मुळं नव्या मातीत पसरतात. प्रत्येक वेळी कुंडी दोनच इंच मोठी घ्या. आठवरून थेट १४वर उडी मारली की मुळं न पोहोचलेली भरपूर माती ओलीच राहते, आंबते आणि कूज सुरू होते. शिवाय मुळं थोडी दाटीवाटीत असली तर फुलं बरी येतात.

आदल्या दिवशी पाणी घाला, म्हणजे माती मुळांना धरून राहते. कुंडी आडवी करा, बाजूंनी थोपटा आणि झुबका बुंध्याशी धरून सावकाश ओढा. मातीचा गड्डा बाहेर आला की नीट बघा. निरोगी मुळं जाडसर दोऱ्याएवढी, दुधाळ किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात. चिमटीत धरून ओढलं तरी तुटत नाहीत. कुजलेल्या मुळाचं वरचं आवरण चिमटीत निघून येतं आणि आत केसासारखा धागा उरतो. अशी मुळं कात्रीने कापून टाका.

आता गड्ड्याच्या मधोमध बोटांनी चाचपा. बऱ्याच झाडांत तिथे प्लास्टिकची छोटी जाळीदार कपं किंवा कापडी पिशवीसारखं आवरण सापडतं. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून तयार केलेली रोपं त्यातच वाढवून नर्सरीकडे येतात. एका कुंडीत अशी दोन-चार रोपं एकत्र लावलेली असतात, म्हणून झाड भरगच्च दिसतं. ही आवरणं सावकाश कापून काढा. ती तशीच राहिली तर मुळांचा गळा आवळला जातो आणि झाड वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं. ‘माझी पीस लिली वाढतच नाही’ म्हणणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे तपासावं.

झाड नव्या कुंडीत पूर्वी होतं तेवढ्याच खोलीवर बसवा. देठांचा बुंधा मातीखाली गेला तर तो सडतो. काठापासून एक-दीड इंच जागा मोकळी सोडा, खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि पंधरवडाभर थोडं सावलीत ठेवा. महिनाभर खत नको.

झाड मोठं करायचं असेल तर ते विभागू नका. मैत्रिणी फुटवा मागतील, नाही म्हणणं जड जाईल. पण दर विभागणीला झाड वर्षभर मागे जातं. १४ इंची कुंडी पूर्ण भरली की मग खुशाल वाटा.

६. पाणी

वेळापत्रक करू नका. ‘आठवड्यातून दोनदा’ हा सल्ला मे महिन्यात झाडाला उपाशी ठेवतो आणि जुलैमध्ये बुडवतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर झारी बाजूला ठेवा. कोरडं लागलं तर भरपूर, खालून वाहेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

१२ इंची कुंडीचा माझ्या घरातला अंदाज सांगते, तुमच्याकडे पंखा-खिडकीप्रमाणे फरक पडेल. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनी. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओलसर असते की आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा तीन-चार दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा दिवसांनी. घरात कामाला येणाऱ्या मावशी सगळ्या कुंड्यांना रोज मायेने तांब्याभर पाणी घालत असतील, तर या कुंडीचं त्यांना वेगळं सांगून ठेवा.

झाड माना टाकतं तेव्हा दोन शक्यता असतात आणि त्यांत गल्लत करू नका. पहिली, तहान: कुंडी उचलायला हलकी लागते, माती कडेने सुटलेली असते, पानं सगळीकडून आडवी पडलेली असतात. पाणी दिलं की काही तासांत झाड उभं राहतं. माती पार सुकली असेल तर कोकोपीट पाणी धरत नाही, पाणी कडेने सरळ खाली जातं. अशा वेळी कुंडी टबात अर्धा तास बसवून खालून पाणी पिऊ द्या. दुसरी शक्यता, कूज: माती ओली आहे, कुंडी जड आहे, तरीही पानं लोंबताहेत, बुंध्याजवळची पानं पिवळी पडताहेत आणि मातीला आंबूस वास येतोय. इथे आणखी पाणी घातलंत तर झाड गेलंच. लगेच बाहेर काढा, सडलेली मुळं कापा, उरलेली मुळं मावतील एवढ्याच छोट्या कुंडीत नव्या मिश्रणात लावा, मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी मिसळा. अर्धीअधिक मुळं पांढरी असतील तर झाड वाचतं.

ताटल्यांबद्दल आणखी एक. पावसाळ्यात महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी इमारतींमध्ये तपासणीला येतात आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आवर्जून बघतात. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो. जून ते ऑक्टोबर ताटल्या रिकाम्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा. शोभेच्या बाहेरच्या कुंडीतही तळाशी पाणी साठतं आणि ते वरून दिसत नाही. आतली कुंडी उचलून बघा.

पाणी कुठलं? नळाला येणारं महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं असतं, त्यात क्षार कमी असतात. क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की काम झालं. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्र्यासारखी रेघ धरते. तिथे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवा, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं पाणीही उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र या झाडाला कधीच घालू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

७. खत

थोडक्यात सांगते, कारण इथे कमीच बरं. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, महिन्यातून एकदा, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम १९:१९:१९. माती ओली असतानाच द्या. भर पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत बंद. मार्चमध्ये कुंडी बदलली असेल तर खत मेपासून. वर्षातून दोनदा वरची इंचभर माती खरवडून तिथे गांडूळखत घाला. दर तीन महिन्यांनी कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्यातून दोन-तीन बादल्या साधं पाणी वाहू द्या, साठलेले क्षार निघून जातात. भर पावसाळ्यात ही धुलाई टाळा. चहाचा चोथा, ताक, डाळ-तांदळाचं धुतलेलं पाणी यांतलं काही घरातल्या कुंडीत ओतू नका, चिलटं होतात.

८. फुलं

पांढरी ‘पाकळी’ म्हणजे रूप बदललेलं पान. खरी फुलं मधल्या दांड्यावर, दाण्यांसारखी बारीक. उजेड पुरेसा असेल तर मुंबईत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा बहराचा काळ. गुंडाळलेलं, टोकदार, फिकट हिरवं काहीतरी पानाच्या देठाशेजारून वर येताना दिसलं की ते फूल. उमलायला आठवडा-दोन आठवडे लागतात, महिनाभर टिकतं आणि मग हळूहळू हिरवं होतं.

उमलल्यावर काही दिवसांनी खालच्या पानांवर पांढरी भुकटी दिसते. बुरशी समजून लोक औषध फवारतात. बोटावर घेऊन बघा: पिठासारखी मऊ आणि फक्त फुलाच्या खाली असेल तर ते परागकण आहेत, ओल्या फडक्याने पुसून टाका.

फूल तपकिरी झालं की दांडा अगदी मुळाशी कापा. दीड वर्ष झालं, झाड जोमात आहे, तरी फुलं नाहीत, तर आधी उजेड वाढवा. खिडकीच्या दोन फूट जवळ सरकवल्याने जे होतं ते कुठल्याही ‘फ्लॉवर बूस्टर’ने होत नाही. खत जास्त झालं तरी झाड नुसती पानंच काढत राहतं.

९. पानं काय सांगतात

टोकं तपकिरी, आत पिवळी किनार: क्षार साठलेत, किंवा कोरडं-ओलं असं सारखं चाललंय. कुंडी धुऊन काढा. पानाच्या मधोमध फिकट, कागदी डाग: उन्हाने भाजलं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून महिन्यातून एकदा द्या. देठ लांबडे आणि सगळं झाड खिडकीकडे वाकलेलं: उजेड कमी, शिवाय दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवत चला.

बांधकामाची धूळ मुंबईत कुणाला चुकलेली नाही. मोठ्या पानांवर ती थर धरते आणि पानांपर्यंत उजेड पोहोचत नाही. दर पंधरा दिवसांनी पान खालून तळहाताने धरून ओल्या सुती फडक्याने देठाकडून टोकाकडे पुसा. दूध, खोबरेल तेल, चकाकी आणणारे स्प्रे यांची गरज नाही, त्यांवर धूळ आणखी चिकटते.

पुसताना कीडही लवकर सापडते. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने साबणाच्या पाण्यात पुसून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून, संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूनेही फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानामागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची कीड. झाड बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली पानं खालून-वरून धुवा, मग तीच फवारणी.

१०. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर

अळूसारखेच सुईच्या आकाराचे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक या झाडात असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकतात. खऱ्या लिलीमुळे मांजरांची किडनी निकामी होते तसं यात होत नाही, पण त्रास होतोच. रांगतं मूल घरात असेल तर मोठी कुंडी जमिनीवर ठेवायचा बेत दोन वर्षं पुढे ढकला. मूल किंवा मांजराने पान चावलंच तर तोंड पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना विचारा. छाटणीनंतर स्वतःचे हातही धुवा.

११. गावी जाताना

मे महिन्यात आठ-दहा दिवस जायचं असेल तर निघायच्या आदल्या रात्री भरपूर पाणी द्या, कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत सरकवा आणि पाण्याने भरलेली बादली स्टुलावर, कुंडीच्या काठाच्या उंचीला ठेवा. जाड सुती नाडी आधी पूर्ण भिजवून घ्या. तिचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा, दुसरं मातीत तीन इंच खोल पुरा. बादलीवर फडकं घट्ट बांधा, म्हणजे डास आत जाणार नाहीत. हे सगळं निघायच्या दोन-तीन दिवस आधी करून बघा, कारण नाडीची जाडी आणि सूत यांवर पाणी किती ओढलं जातं ते ठरतं.

गणपतीला जाताना यातलं काहीच लागत नाही. ओलसर हवेत १२ किंवा १४ इंची कुंडी आठ-दहा दिवस आरामात काढते. फक्त पडदे उघडे ठेवा, उजेड येऊ द्या, आणि ताटल्या कोरड्या करून निघा.

चावी शेजारच्या काकूंकडे देणार असाल तर ‘झाडांना पाणी घाला’ एवढंच सांगू नका, त्या काळजीपोटी रोज घालतील. त्यांना कुंडीजवळ नेऊन बोट मातीत कुठपर्यंत घालायचं ते दाखवा, आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही हे सांगा.